पुण्याहून माचू पिचू: आधी काय, मग काय

माचू पिचू म्हणजे पेरू देशातली, डोंगरावरची इंकांची प्राचीन वस्ती. तिथल्या सहलीत चढण हा सगळ्यात सोपा भाग आहे. अवघड असते ती क्रमवारी. लस, व्हिसा, प्रवेशाचे तिकीट, रेल्वे आणि विमान या पाच गोष्टी बहुतेक जण नेमक्या उलट्या क्रमाने ठरवतात. विमानाचा बरा दर दिसला की तो पकडतात आणि मग कळते की त्या तारखेला आत जायला जागाच उरलेली नाही. म्हणून खाली सगळे कामाच्या क्रमाने दिले आहे. दर रविवारी सिंहगड करणाऱ्यांनी उंचीचा भाग मुळीच गाळू नये. सगळ्यात जास्त फसगत त्यांचीच होते.

महिना

पेरू दक्षिण गोलार्धात आहे. आपल्याकडे सह्याद्रीत धो धो पाऊस कोसळत असतो तेव्हा तिकडे कोरडा हिवाळा असतो. मे ते सप्टेंबर हा कोरडा काळ, नोव्हेंबर ते मार्च पावसाचा, आणि त्यातही जानेवारी-फेब्रुवारीत जोर. फेब्रुवारीत इंका ट्रेल, म्हणजे माचू पिचूला चालत जायची जुनी पायवाट, दुरुस्तीसाठी पूर्ण बंद असते. मुख्य स्थळ उघडे असले तरी दरडींमुळे रेल्वे खोळंबू शकते.

पुण्याच्या शाळांची मे महिन्याची सुट्टी इथे फार सोयीची पडते. पाऊस नुकताच संपलेला, डोंगर अजून हिरवे आणि जून ते ऑगस्टची गर्दी सुरू व्हायची असते. २४ जूनला कुस्कोत, म्हणजे माचू पिचूला जाताना जिथे विमानाने उतरतात त्या शहरात, इंती रायमीचा सूर्योत्सव असतो. तो बघायचा नसेल तर त्या आठवड्यात जाऊ नका, हॉटेले भरलेली असतात. दिवाळीची सुट्टीही चालते, मात्र रेनकोट हवाच. नाताळच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी धुक्याची तयारी ठेवावी.

पिवळ्या तापाची लस आणि व्हिसा

पेरूत शिरताना ही लस कोणी विचारत नाही, म्हणून अनेक जण ती सोडून देतात. विचारणा होते ती परत येताना, मुंबई विमानतळावर. भारत सरकारच्या यादीत पेरू हा पिवळ्या तापाचा देश आहे. तिथून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलेल्या माणसाकडे वैध प्रमाणपत्र नसेल, तर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येते. लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होते, त्यामुळे आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. एकदा घेतली की आयुष्यभर चालते.

ही लस कोणत्याही दवाखान्यात मिळत नाही, आरोग्य मंत्रालयाने नेमलेल्या केंद्रातच मिळते. एका कुपीत अनेकांचे डोस असतात आणि कुपी फोडल्यावर त्या काही तासांतच संपवाव्या लागतात, म्हणून केंद्रे ठरावीक वारीच आणि आधी नाव नोंदवूनच लस देतात. मूळ पासपोर्ट बरोबर न्या. लस जिवंत विषाणूंची आहे. अंड्याची तीव्र ॲलर्जी, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे, गरोदरपण किंवा साठीपुढचे वय असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. आई-वडिलांना घेऊन जायचा बेत असेल तर सगळ्यात आधी हाच प्रश्न सोडवा, कारण बाकीचा बेत त्याच्यावर अवलंबून आहे.

व्हिसाचे असे: अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेन गटाचा किमान सहा महिने वैध व्हिसा पासपोर्टवर असेल, तर भारतीयांना पेरूचा पर्यटक व्हिसा लागत नाही. नसेल तर दिल्लीतल्या पेरूच्या दूतावासाकडे अर्ज करायचा. पुणे किंवा मुंबईहून पेरूची राजधानी लिमाला थेट विमान नाही. कुठेतरी बदलावेच लागते. अमेरिकेतून बदलणार असाल तर नुसत्या थांब्यालाही अमेरिकेचा व्हिसा लागतो. युरोपात हे देशागणिक वेगळे आहे, तेव्हा तिकिटाचे पैसे भरण्याआधी त्या विमानतळाचा नियम बघा.

तिकीट: कोणते सर्किट घ्यायचे

बहुतेक निराशा इथे जन्माला येते. आत मनासारखे फिरता येत नाही. २०२४ च्या जूनपासून स्थळाचे तीन सर्किट आणि त्यांचे मिळून दहा मार्ग आहेत. तुमच्या तिकिटावर जो मार्ग छापला आहे तेवढाच चालायचा, तोही एकाच दिशेने. मागे वळून 'ते राहिले' म्हणता येत नाही, आणि दुसरे सर्किट बघायचे तर दुसरे तिकीट काढावे लागते.

सर्किट १ वरच्या अंगाने जाते. ज्या फोटोमुळे आपल्याला माचू पिचू माहीत आहे, तो पुढे अवशेष आणि मागे हुआयना पिचूचा सुळका असलेला देखावा इथून उत्तम दिसतो, पण हा मार्ग वस्तीत उतरत नाही. सर्किट ३ खालच्या अंगाने जाते. सूर्यमंदिर, राजवाड्याचा भाग, पाण्याची कारंजी आणि कोंडोर मंदिर जवळून दिसते, पण तो प्रसिद्ध देखावा मिळत नाही. सर्किट २ मध्ये देखावाही आहे आणि वस्तीतून चालणेही. पहिल्यांदा आणि एकदाच जाणाऱ्याने २-ए किंवा २-बी घ्यावे. ही तिकिटे सगळ्यात आधी संपतात. जून ते ऑगस्टसाठी तीन-चार महिने आधी हात घाला.

हुआयना पिचूची चढाई ३-ए तिकिटात, तर माचू पिचू डोंगराची १-ए मध्ये येते. फोटोतला सुळका तो हुआयना पिचू, साधारण २,७०० मीटर. पायऱ्या अरुंद आणि जागोजागी जवळपास उभ्या आहेत. माचू पिचू डोंगर ३,००० मीटरच्या वर जातो. चढ लांब आहे पण पोटात गोळा आणणारा नाही. ३-ए काढणाऱ्याने हे समजून काढावे की वस्तीचा वरचा भाग त्यात नाही. शक्य असेल तर एक दिवस २-ए आणि दुसऱ्या दिवशी ३-ए अशी दोन तिकिटे घ्या. इतक्या लांब गेल्यावर हा खर्च वाया जात नाही. इंतिपुंकू, म्हणजे सूर्यद्वार, आणि इंका पूल यांचे मार्ग फक्त गर्दीच्या हंगामात उघडतात.

परदेशी प्रौढाचे साधे तिकीट १५२ सोल (पेरूचे चलन) आणि डोंगरासहचे २०० सोल. पेरूच्या संस्कृती मंत्रालयाच्या संकेतस्थळावर थेट काढता येते. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार आधी सुरू करून ठेवा. नाव पासपोर्टवर आहे अगदी तसेच भरा. आपल्याकडे 'गिव्हन नेम'च्या रकान्यात स्वतःच्या नावापुढे वडिलांचे किंवा नवऱ्याचे नावही असते. ते गाळले तर फाटकावर तिकीट आणि पासपोर्ट जुळत नाहीत, आणि तिकीट बदलूनही मिळत नाही. मध्येच पासपोर्ट नवा केलात तर जुना रद्द झालेलाही बरोबर न्या. छायाप्रत चालत नाही.

ऑनलाइन सगळे संपले असेल तरी एक वाट उरते. डोंगराच्या पायथ्याच्या गावात, आग्वास कालिएन्तेसमध्ये, रोज हजार तिकिटे प्रत्यक्ष विकतात. त्यासाठी आदल्या दिवशी पासपोर्ट घेऊन रांगेत उभे राहायचे. सर्किट आणि वेळ मात्र उरेल ती घ्यावी लागते. हाताशी दोन मोकळे दिवस असतील तरच यावर विसंबा.

उंची: सिंहगड इथे कामाला येत नाही

पुणे साधारण ५६० मीटरवर, सिंहगड १,३०० च्या आसपास, आणि महाराष्ट्रातले सर्वोच्च कळसूबाई १,६४६ मीटर. कुस्कोचे विमानतळ सुमारे ३,३०० मीटरवर आहे, म्हणजे विमानाचे दार उघडते तेव्हाच तुम्ही कळसूबाईच्या दुप्पट उंचीवर असता. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांश उरतो. सिंहगड पन्नास मिनिटांत चढणाऱ्याचे पाय आणि दम चांगले असतात, पण विरळ हवेची सवय त्याला घरबसल्या माणसाइतकीच असते, म्हणजे नसतेच. उलट त्याला बरे वाटत असते म्हणून तो पहिल्याच संध्याकाळी कुस्कोच्या वरच्या अंगाला असलेल्या साक्सायवामान या इंका अवशेषांचा चढ चढायला निघतो आणि रात्री डोके धरून बसतो. त्रास उतरल्या उतरल्या होत नाही, सहा ते बारा तासांनी सुरू होतो. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणे ही त्याची रीत.

बऱ्याच जणांना वाटते माचू पिचू कुस्कोच्या वर आहे. ते खाली आहे: २,४३० मीटर. याचा फायदा घ्यायचा. कुस्कोला उतरल्यावर शहरात राहू नका. टॅक्सीने थेट खाली पवित्र खोऱ्यात जा. तिथली गावे म्हणजे उरुबांबा २,८७० आणि ओयांतायतांबो सुमारे २,८०० मीटरवर आहेत, रस्ता दोन तासांच्या आसपास. पहिल्या दोन रात्री इथे काढा, तिसरी आग्वास कालिएन्तेसला, म्हणजे २,०४० मीटरवर, आणि कुस्को शेवटी ठेवा. तोवर शरीर रुळलेले असते.

पहिल्या दिवशी जड जेवण नको, मद्य अजिबात नको, पाणी थोडे थोडे पीत राहा. ॲसिटाझोलामाइड बहुधा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढण्याच्या आदल्या दिवसापासून देतात, पण ते डॉक्टरांनी लिहून दिले तरच. सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांनी ते मुद्दाम सांगावे. या गोळीने लघवी जास्त होते आणि बोटांना मुंग्या येतात, त्याने घाबरू नका. बसल्या जागी धाप लागणे, चालताना तोल जाणे किंवा बोलण्यात गोंधळ दिसला तर सकाळची वाट न बघता त्या माणसाला खाली न्या आणि डॉक्टर गाठा.

हॉटेलात कोकाच्या पानांचा चहा मिळेल. तिकडे तो कायदेशीर आणि रोजचा आहे, प्यायला हरकत नाही. त्याची पाकिटे भारतात आणू नका. कोकाचे पान आपल्याकडे अमली पदार्थांच्या कायद्यात येते.

पुण्यात तयारी करायची ती गुडघ्यांची. आग्वास कालिएन्तेसहून वर जाणाऱ्या पायवाटेला साधारण १,७०० पायऱ्या आहेत. पर्वतीच्या १०३ धरल्या तर सोळा-सतरा वेळा पर्वती. वर जायला बस घ्या, खाली यायला पाय ठेवा असे करणाऱ्यांची मांडी दुसऱ्या दिवशी धरते, म्हणून आधी दोन महिने आठवड्यातून दोनदा पर्वती किंवा हनुमान टेकडी उतरण्याच्या सरावासाठी करा.

रेल्वे, बस आणि फाटक

पायथ्याच्या आग्वास कालिएन्तेस गावापर्यंत बाहेरून मोटाररस्ता नाही. ओयांतायतांबोहून आग्वास कालिएन्तेसपर्यंत रेल्वेने दीड-पावणेदोन तास लागतात. पेरूरेल आणि इंका रेल या दोन कंपन्या गाड्या चालवतात. डब्यात मोठी बॅग घेऊ देत नाहीत. ती मागच्या हॉटेलात ठेवून एका रात्रीपुरती छोटी सॅक न्या. आदल्या संध्याकाळीच गावात पोचा. सकाळी ओयांतायतांबोहून निघून त्याच दिवशी परतणाऱ्यांची गाडी उशिरा आली की प्रवेशाची वेळ हुकते. दरडी आणि स्थानिक बंद यांमुळे रुळ अडतात, म्हणून लिमाच्या परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा असू द्या. पैसे वाचवायचे असतील तर कुस्कोहून इद्रोएलेक्त्रिका या जलविद्युत केंद्राजवळच्या थांब्यापर्यंत गाडीने सहा-सात तास आणि मग रुळांकडेने दहा-अकरा किलोमीटर चालत जाणे हा मार्ग आहे. पावसाळ्यात तो टाळावा.

गावातून वर जाणारी बस २५-३० मिनिटे घेते. एका बाजूचे १२ डॉलर, तिकीट आदल्या दिवशी काढून ठेवा. पहाटेच्या प्रवेशासाठी बसची रांग साडेचार-पाचलाच लागते. सहाची वेळ सगळ्यांना हवी असते, पण त्या वेळी दरी बऱ्याचदा धुक्याने भरलेली असते. कोरड्या महिन्यांत सात किंवा आठची वेळ आम्हाला जास्त खात्रीची वाटते.

आत स्वच्छतागृह नाही. फाटकाबाहेर आहे, दोन सोलची नाणी खिशात ठेवा. बॅग ४० × ३५ × २० सेंटिमीटरपेक्षा मोठी नको. खाद्यपदार्थ, छत्री, सेल्फी स्टिक, तिवई, ड्रोन, टोकदार काठी यांना मनाई आहे. ज्येष्ठांना रबरी बूच लावलेली काठी चालते. छत्रीऐवजी अंगावरचा रेनकोट. बारीक चावरी माशी फार असते आणि तिचा डंख अनेक दिवस खाजतो, म्हणून पूर्ण बाह्या आणि पूर्ण पँट घाला. ऊन गार वाऱ्यात जाणवत नाही पण भाजते. टोपी आणि सनस्क्रीन विसरू नका. फाटकावर हौसेचा शिक्का मारून मिळतो, तो पासपोर्टवर घेऊ नका, वहीवर घ्या.

आत गेल्यावर काय बघायचे

नावातल्या 'माचू'चा आपल्या माचीशी संबंध नाही. केचुआ भाषेत माचू म्हणजे थोरला, आणि दुसरा शब्द पिक्चू असा उच्चारला तर अर्थ 'शिखर' होतो. पंधराव्या शतकात इंका सम्राट पाचाकुतीच्या घराण्याची ही निवासाची जागा होती. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या रेडिओकार्बन अभ्यासानुसार इथे साधारण १४२० पासून १५३० पर्यंत वस्ती होती. २४ जुलै १९११ रोजी येल विद्यापीठातला अमेरिकी अभ्यासक हायरम बिंगहॅम इथे पोचला, तेव्हा इथल्या पायऱ्यांच्या शेतांवर स्थानिक कुटुंबे शेती करत होती. त्यामुळे 'शोध लागला' हा शब्द जपून वापरावा. त्याने नेलेल्या वस्तू येल विद्यापीठाने पेरूला परत केल्या. त्या कुस्कोतल्या कासा कोंचा संग्रहालयात आहेत, आणि तिथे दोन तास काढणे डोंगरावरच्या चौथ्या फोटोपेक्षा मोलाचे आहे.

गड बघितलेल्या माणसाची नजर आधी पाण्याकडे जावी. आपल्या गडांवर पाणी साठवतात: कातळात टाकी खोदायची आणि पावसाळ्याचे पाणी उन्हाळ्यापर्यंत पुरवायचे. इथे पाणी वाहते आहे. माचू पिचू डोंगराच्या उत्तर अंगाच्या झऱ्यापासून ७४९ मीटर लांबीचा दगडी पाट काढला आहे, रुंदी जेमतेम वीतभराहून कमी. तो मंद उताराने वस्तीत येतो आणि एकाखाली एक अशा १६ कारंज्यांतून उतरतो. पहिले कारंजे राजाच्या निवासापाशी, म्हणजे सगळ्यात स्वच्छ पाणी त्याचे. एखाद्या कारंज्यापाशी थांबून वरच्या दगडाची कड बघा. तिला एक अरुंद खाच आहे. तिच्यामुळे पाणी भिंतीला चिकटून न ओघळता पुढे धार धरून पडते, आणि निमुळत्या तोंडाचा घडा खाली धरला की भरतो.

दुसरी गोष्ट दिसत नाही. इथे वर्षाला सुमारे १,९४० मिलिमीटर पाऊस पडतो, पुणे शहराच्या अडीच पट. तरीही डोंगर खचला नाही, कारण बांधकामाचा मोठा भाग जमिनीखाली आहे. प्रत्येक पायरीशेतात तळाला मोठे दगड, त्यावर खडी, मग वाळू आणि सर्वात वर माती भरलेली आहे. पाणी थरांतून झिरपून जाते, भिंतीमागे तुंबत नाही. आपल्याकडे घाटातल्या संरक्षक भिंती पहिल्या मोठ्या पावसात का ढासळतात, याचे उत्तर या थरांत आहे. भिंतींच्या पायाशी छोटी चौकोनी भोके दिसतील, तेही निचऱ्याचेच.

मग दगड. आपला सह्याद्री बेसाल्टचा, हा डोंगर ग्रॅनाइटचा. लोखंड नसताना दगडाच्याच हातोड्यांनी तो घडवला आहे. साध्या घरांच्या भिंतींत मातीचा लेप आहे, पण मंदिरांत चुना-माती काहीच नाही. दगड दगडावर घासून बसवला आहे. सूर्यमंदिराच्या वळणदार भिंतीवर सांध्याची रेघ पेन्सिलीच्या रेघेइतकी दिसते. भिंती किंचित आत झुकलेल्या, दारे-खिडक्या वर निमुळत्या, कोपरे एकमेकांत गुंतवलेले: हे सगळे भूकंपासाठी. हात लावू नका. सूर्याशी संबंध जोडल्या जाणाऱ्या इंतिवाताना या कोरीव दगडाचा कोपरा २००० साली एका जाहिरातीच्या चित्रीकरणात कॅमेऱ्याची क्रेन पडून फुटला. आजच्या कडक नियमांमागे असे अनुभव आहेत.

फाटकावर परवानाधारक वाटाड्या मिळतो, इंग्रजीतून सांगणारा घ्या. आत माहितीचे फलक जवळपास नाहीत.

जेवण

शाकाहाऱ्यांची उपासमार होत नाही, पण सूप सांभाळा. किन्वाचे सूप शाकाहारी दिसते आणि कोंबडीच्या रश्शात शिजलेले असते. 'सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन काल्दो दे पोयो' म्हणजे मटण, कोंबडी, मासे आणि कोंबडीचा रस्सा नको. हे कागदावर लिहून दाखवा. उकडलेले टपोरे मक्याचे कणीस आणि ताजे चीज, बटाट्याचे नाना प्रकार, तार्वी नावाची डाळ हे बिनघोर खा. 'चुन्यो' जरूर चाखा: रात्रीच्या हिमात गोठवून, पायाने तुडवून, उन्हात सुकवलेला बटाटा, आपल्या वाळवणाचा तिकडचा भाऊबंद. घरून दशम्या, मेतकूट, शेंगदाण्याची चिक्की न्या. छोटा कुकर नेऊन कुस्कोत भात लावणार असाल तर लक्षात ठेवा, उघड्या पातेल्यात पाणी तिथे ८९ अंशांच्या आसपासच उकळते आणि डाळ शिजत नाही, कुकरच लागतो. नळाचे पाणी पिऊ नका.

परतताना लसीचे पिवळे पुस्तक मोठ्या बॅगेत टाकू नका. पासपोर्टबरोबर हातात ठेवा. मुंबईला पासपोर्टच्या खिडकीआधी आरोग्य विभागाचे टेबल लागते आणि सामान त्याच्या पलीकडे असते.